जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात: गळलेल्या कळीवरून कारण कसे ओळखावे

झाड हिरवेगार आहे, पाने तजेलदार आहेत, फांद्यांच्या टोकांना कळ्याही भरपूर धरल्या आहेत. पण उद्या-परवा उमलेल असे वाटणारी कळी पिवळी पडून कुंडीत पडलेली सापडते, आणि हे एकदाच न होता जवळजवळ प्रत्येक बहराच्या वेळी होते. जास्वंद लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर उलटसुलट उपायही तितकेच सांगितले जातात. कोणी पाणी वाढवायला सांगतो, कोणी तोडायला. कोणी खत सुचवतो, कोणी औषध. यांतील प्रत्येक सल्ला कुठल्या तरी झाडाला लागू पडलेला असतो, म्हणून त्याला खोटा म्हणता येत नाही. मात्र कळीगळ हे अनेक वेगवेगळ्या कारणांचे एकच बाहेरून दिसणारे लक्षण असल्यामुळे, कारण न पाहता केलेला उपाय बहुधा वाया जातो आणि कधी कधी मूळ त्रासात भर घालतो. कारण शोधण्यासाठी लागणारा सर्वांत चांगला पुरावा आपण रोज सकाळी केराबरोबर टाकून देत असतो, तो म्हणजे गळलेली कळी.

तिच्याकडे वळण्यापूर्वी स्वाभाविक गळ कोणती हे ठरवून घ्यावे. साध्या जास्वंदीचे फूल एकच दिवस टिकते, काही संकरित जातींचे दोन-तीन दिवस. त्यानंतर ते मिटते, त्याच्या पाकळ्यांना पीळ पडतो आणि ते देठाच्या तुकड्यासह खाली येते. दुरून ही गुंडाळी कळीसारखीच दिसते, आणि जास्वंद नव्याने लावलेले अनेक जण उमलून गेलेली फुले कळ्या समजून काळजीत पडतात. हातात घेतले की फरक लगेच कळतो: मिटलेले फूल मऊ आणि ओलसर लागते व त्याच्या टोकातून परागांनी भरलेली पुंकेसरांची दांडी डोकावत असते, तर न उमललेली कळी टोकाला घट्ट बंद असते. शिवाय झाड आपल्याला पोसता येतील त्यांपेक्षा थोड्या जास्तच कळ्या धरते, त्यामुळे दहांतली एखादी-दुसरी कळी गेली तर तिच्यामागे लागू नये. निम्म्या किंवा त्याहून अधिक कळ्या जात असतील, तरच पुढील तपास करण्यात अर्थ आहे.

कळी कुठे तुटली आणि केवढी असताना तुटली

आठवडाभर रोज सकाळी झाडाखालच्या सगळ्या कळ्या गोळा कराव्यात आणि त्या टाकून न देता उजेडात नीट पाहाव्यात. पहिली गोष्ट पाहायची ती देठाची. जास्वंदीच्या फुलाच्या लांब देठावर, कळीपासून थोडे खाली, एक बारीक सांधा असतो. नखाने देठ चाचपत गेले तर तो हाताला लागतो. गळलेल्या कळीचा देठ या सांध्यावर गुळगुळीत, स्वच्छ सुटलेला असेल तर ती कळी झाडाने स्वतः सोडलेली आहे. देठ वेडावाकडा तुटलेला, कुरतडलेला किंवा चिरडलेला असेल तर शोध नाकतोडा, गोगलगाय, मोठी अळी, खार किंवा पक्षी यांच्या दिशेने घ्यावा. तिथे खत-पाण्यात बदल करून काहीही साधणार नाही.

झाड कळी सोडते म्हणजे नेमके काय होते हे समजून घेतले की बाकीचा तपास सोपा जातो. सांध्यातील पेशींचा एक पातळ थर कळीला धरून ठेवत असतो. कळी निरोगी वाढत असेपर्यंत तिच्यातून ऑक्सिन नावाचे संप्रेरक देठाकडे वाहत राहते आणि तो थर शाबूत राहतो. कळीला इजा झाली, तिला अन्न कमी पडले किंवा संपूर्ण झाडावरच ताण आला, की हा प्रवाह मंदावतो, इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, थरातील पेशींना जोडणारा पदार्थ विरघळतो आणि कळी सुटते. म्हणजे कळीच्या आत कीड शिरलेली असो, मुळे कुजलेली असोत किंवा कुंडी दोन दिवस कोरडी राहिलेली असो, सुटण्याची जागा तीच आणि रीतही तीच. केवळ कळ्या गळतात एवढ्या वर्णनावरून दुसऱ्याच्या झाडाचे निदान करता येत नाही, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट पाहायची ती आकाराची. वाटाण्याएवढ्या, पूर्ण हिरव्या असतानाच पिवळ्या पडून जाणाऱ्या कळ्या बहुधा झाडाची अन्न पुरवण्याची ताकद कमी पडत असल्याचे सांगतात. अपुरे ऊन, बिघडलेली मुळे आणि फार तीव्र उष्णता किंवा थंडी ही त्यामागची नेहमीची कारणे असतात. पाकळ्यांचा रंग डोकावू लागल्यावर, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात जाणाऱ्या कळ्यांच्या बाबतीत संशय आधी किडीवर आणि मग पाण्याच्या अनियमितपणावर घ्यावा. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. पण तपास कुठून सुरू करावा एवढे तो नक्की सांगतो.

कळी उभी चिरून पाहावी

तपासाची ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते नेमकी हीच सर्वांत निर्णायक आहे. एका पांढऱ्या बशीत किंवा कागदावर कळी ठेवून धारदार पात्याने ती टोकापासून देठापर्यंत उभी चिरावी आणि दोन्ही भाग उन्हात धरून पाहावेत. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर उत्तमच. त्यासाठी केवळ खाली पडलेली कळी घेऊ नये. झाडावर असतानाच जिचा रंग फिका, पिवळसर होऊ लागला आहे अशी कळीही तोडून घ्यावी, कारण पडलेल्या कळीतून कीड आधीच बाहेर निघून गेलेली असू शकते आणि मग रिकामी कळी पाहून आपण चुकीच्या निष्कर्षावर येतो.

आत, विशेषतः कोवळ्या पाकळ्यांच्या घड्यांत आणि पुंकेसरांच्या दांडीभोवती, एक ते दोन मिलिमीटर लांबीच्या, बिनपायांच्या, पांढरट किंवा फिकट पिवळ्या अळ्या दिसल्या, तर ती कळीमाशी होय. तिचे शास्त्रीय नाव कॉन्टॅरिनिया मॅक्युलिपेनिस असे आहे. थोडा वेळ स्थिर नजरेने पाहिले तर यांतील एखादी अळी शरीराची दोन्ही टोके जवळ आणून, कमानीसारखी ताणून एकदम उसळी मारताना दिसते. ही खूण एकदा पाहिली की पुन्हा शंका राहत नाही. प्रौढ माशी डासापेक्षाही लहान आणि नाजूक असते, त्यामुळे ती झाडावर क्वचितच नजरेस पडते. ती कळीच्या टोकाशी अंडी घालते, अळ्या आत शिरून कोवळा भाग खातात, कळी पिवळी पडून गळते, आणि पुरती वाढ झालेल्या अळ्या कळीतून बाहेर पडून मातीत शिरतात व तिथे कोषात जातात. हे सगळे चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरे होते. काही आठवडे बरे गेले की त्रास पुन्हा उद्भवतो, याचे रहस्य या चक्रात आहे: गळलेली कळी जिथे पडली त्या मातीतूनच पुढची पिढी वर येते.

कळीमाशीवर फवारणीचा विश्वास धरू नये. अळी कळीच्या आत आणि कोष मातीत असल्यामुळे निंबोळी तेल किंवा कोणतेही स्पर्शजन्य, म्हणजे किडीच्या अंगाला लागले तरच मारणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पृष्ठभागावर फवारा मारून समाधान तेवढे मिळते. खरा उपाय कष्टाचा पण साधा आहे. पडलेली प्रत्येक कळी आणि झाडावर पिवळी पडू लागलेली प्रत्येक कळी रोज उचलावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि ती कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवून मगच कचऱ्यात टाकावी. कंपोस्टच्या ढिगात अशा कळ्या कधीही टाकू नयेत, कारण तिथे अळ्यांना कोषात जाण्यासाठी हवी तशी मऊ, ओलसर जागा मिळते. कुंडीतील वरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा मातीचा थर काढून नवा घातल्यास कोषांची संख्या कमी होते. प्रादुर्भाव फारच असेल तर झाडावरच्या सगळ्या कळ्या, चांगल्या दिसणाऱ्यासुद्धा, तोडून टाकाव्यात आणि पुढील तीन-चार आठवडे नव्या येणाऱ्या कळ्याही खुडत राहावे. हे जिवावर येते खरे, पण अंडी घालायला कळीच नसली तर चक्र तुटते. हीच माशी मोगऱ्याच्या कळ्यांतही वाढते. त्यामुळे जास्वंदीशेजारी मोगरा असून त्याच्याही कळ्या जांभळट पडून वाया जात असतील, तर दोन्ही झाडांवर हा उपाय एकाच वेळी करावा लागतो. एकच झाड स्वच्छ केले तर दुसऱ्यावरून माशी परत येते.

अळ्या नसतील, परंतु कळीचे टोक तपकिरी होऊन सुकलेले असेल, पाकळ्यांच्या कडांवर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके दिसत असतील, किंवा ज्या थोड्या कळ्या उमलतात त्यांची फुले वाकडी, फाटलेली आणि डागाळलेली येत असतील, तर फुलकिडे असण्याची शक्यता मोठी आहे. पांढऱ्या कागदावर कळी धरून बोटाने टिचक्या माराव्यात. सुईच्या टोकाएवढे, लांबट, पिवळे किंवा तपकिरी किडे कागदावर धावू लागले की खात्री पटते. फुलकिडे मोठ्या प्रमाणात बाहेरच्या भागावर आणि घड्यांत खरवडून रस शोषतात, म्हणून त्यांच्यावर फवारणीचा उपयोग होतो, पण तो एका फवाऱ्यात होत नाही. अंडी झाडाच्या पेशींत आणि कोषावस्था बहुधा मातीत असते, त्यामुळे पाच ते सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारे द्यावे लागतात. एक लिटर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल पुरते; तेल थेट पाण्यात ओतले तर वर तरंगते, म्हणून ते आधी मिलिलिटरभर सौम्य द्रव साबणात चांगले घोटून घ्यावे आणि मग थोडे थोडे पाणी घालीत ढवळावे. फवारा संध्याकाळी मारावा; भर उन्हात मारलेले तेल पाने आणि कळ्या दोन्ही भाजते, आणि मग फवारणीमुळे झालेल्या गळीचा दोष पुन्हा किडीवर जातो. झाडाजवळ टांगलेले निळे चिकट सापळे फुलकिड्यांची संख्या किती आहे याचा अंदाज देतात. त्यांनी कीड संपेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

कळीला गोल भोक आणि भोकाशी ओलसर विष्ठा दिसली तर ती कळी पोखरणारी अळी होय. जास्वंद, भेंडी आणि कापूस ही सगळी एकाच, माल्व्हेसी कुळातील झाडे असल्यामुळे भेंडी-कापसावरची ठिपक्यांची बोंडअळी जास्वंदीवरही येते. अशी कळी अळीसह तोडून नष्ट करावी. बागेतल्या थोड्या झाडांसाठी याहून अधिक काही लागत नाही. मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांचेही तसेच, ते या कुळात एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहज जातात. पिठ्या ढेकूण शेंड्यात भरला की नवी पाने आखडून गुच्छासारखी होतात आणि त्या फांदीवर कळी धरतच नाही किंवा धरलेली टिकत नाही. असे शेंडे सरळ कापून काढावेत. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर वर रस शोषणारी कीड आहेच असे समजून शेंडे आणि पानांच्या बेचक्या तपासाव्यात. मुंग्या त्या किडीने टाकलेल्या गोड चिकट्यासाठी येतात आणि तिच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

कळी आतून स्वच्छ निघाली तर पाण्याचा हिशेब पाहावा

आठवडाभरात चिरलेल्या कळ्या आतून स्वच्छ, फक्त फिकट आणि मऊ पडलेल्या निघाल्या, तर कीड बाजूला ठेवून मुळांकडे लक्ष द्यावे. जास्वंदीला पाणी भरपूर लागते आणि साचलेले पाणी अजिबात चालत नाही; या दोन गरजा परस्परविरोधी वाटतात, पण कुंडीतील माती भुसभुशीत असेल तर त्या एकाच वेळी भागतात. कडक उन्हाच्या दिवसांत मध्यम कुंडीतील झाड दिवसभरात सगळी ओल पिऊन टाकते. दुपारी पाने लवंडलेली दिसतात, संध्याकाळी पाणी मिळताच ती पुन्हा ताठ उभी राहतात, आणि आपल्याला वाटते की काही बिघडले नाही. पाने सावरतात, कळ्या सावरत नाहीत. त्या काही दिवसांनी, एव्हाना पाणी व्यवस्थित मिळत असताना, गळतात. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कोणी घालत नाही. कळ्या गळू लागल्या की आजच्या पाण्याबरोबरच गेल्या आठवड्यातले पाणी आठवून पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंडीत आणखी एक फसवा प्रकार घडतो. कोकोपीट एकदा पूर्ण सुकले की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी मधल्या मुळांच्या गोळ्यात न शिरता कडेच्या फटीतून सरळ खाली जाते आणि काही क्षणांत तळाच्या भोकातून बाहेर येते. पाणी बाहेर आले म्हणजे झाड तृप्त झाले असे समजून आपण नळ बंद करतो, आणि आतला गोळा कोरडाच राहतो. ओळखण्याची युक्ती अशी: पाणी घालून दहा मिनिटांनी कुंडी उचलून पाहावी, किंवा पातळ लाकडी काडी मातीत खोल खुपसून बाहेर काढावी. कुंडी हलकी लागली किंवा काडी कोरडी निघाली, तर कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याच्या टबात ठेवावी, मातीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत तशीच राहू द्यावी आणि मग पूर्ण निथळू द्यावी. नंतर कडेच्या फटी मातीने दाबून बुजवाव्यात.

पाणी जास्त झाल्याची लक्षणे वेगळी आहेत, तरी एका बाबतीत ती कोरडेपणासारखीच दिसतात: पाने लवंडतात. ओल्या मातीत लवंडलेले झाड पाण्यासाठी तहानलेले नसते. त्याची मुळे हवेअभावी निकामी होत असतात आणि समोर असलेले पाणी त्यांना उचलता येत नाही. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे झाडाला खड्ड्यात ढकलणे होय. खालची पाने भराभर पिवळी पडत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर झाड कुंडीतून हलकेच काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असते. तपकिरी, मऊ, ओढले की वरची साल हातात येणारी मुळे कापून टाकावीत, झाड नव्या निचऱ्याच्या मिश्रणात लावावे, वरच्या फांद्या त्या प्रमाणात छाटाव्यात आणि कुंडीखालची बशी काढून टाकावी. मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचाच झाला असेल आणि मुळे तळाशी गोल गोल फिरून भोक बुजवत असतील, तर आधीच्यापेक्षा दोन इंच मोठी कुंडी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत एकदम उडी मारू नये, कारण मुळे न पोहोचलेली माती दीर्घकाळ ओली राहते.

खत: कमतरता कमी, अतिरेक जास्त

फुले हवी असतील तर स्फुरद (फॉस्फरस) द्या, हा समज फार खोलवर रुजलेला आहे, आणि जास्वंदीच्या बाबतीत तो नुकसान करतो. मूठभर हाडांचे खत किंवा डीएपी या रासायनिक खताचे चार दाणे दर पंधरा दिवसांनी टाकणारे कितीतरी जण दिसतात. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद असते, पालाश (पोटॅशियम) मुळीच नसते. जास्वंदीला मात्र नत्र मध्यम, स्फुरद कमी आणि पालाश भरपूर अशी मात्रा मानवते. कुंडीत साठत गेलेला स्फुरद लोह आणि जस्त यांचे शोषण रोखतो. मग कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात, झाडाचे अन्न तयार करणे मंदावते आणि कळ्या हिरव्या असतानाच सुटू लागतात. हे पाहून खत वाढवले जाते आणि दुष्टचक्र पुरे होते.

म्हणून कळीगळ सुरू असताना पहिली कृती खत थांबवण्याची असावी. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरट क्षारांचा पापुद्रा दिसत असेल, तर कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधे पाणी हळूहळू सोडून माती धुऊन काढावी. निचरा चांगला असल्याची खात्री करूनच हे करावे. दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात करताना चांगले कुजलेले कंपोस्ट आणि पालाशसाठी सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०:०:५० (नत्र आणि स्फुरद शून्य, पालाश ५० टक्के), लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात पंधरवड्यातून एकदा देणे पुरेसे होते. म्युरेट ऑफ पोटॅश हे दुसरे पालाश खत कुंडीत वापरू नये, त्यातील क्लोराइड साठत जाते. कोवळ्या पानांवर वर सांगितलेली पिवळी जाळी असेल तर चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची, सौम्य फवारणी करावी. हीच जाळी कोवळ्या पानांऐवजी जुन्या, खालच्या पानांवर असेल तर ती मॅग्नेशियमची कमतरता असते आणि तिथे लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारल्याने फरक पडतो. जास्वंदीला किंचित आम्ल, साधारण ६ ते ६.८ सामू (पीएच) असलेली माती रुचते. म्हणूनच पालाश मिळतो म्हणून लाकडाची राख वरचेवर टाकणे योग्य नाही, कारण राख सामू वाढवते आणि लोह पुन्हा अडते. केळीच्या सालींचे पाणी, कांद्याच्या टरफलांचे पाणी यांनी झाड मरत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहून मूळ कारण शोधायचे राहून जाते, हा त्यांचा खरा तोटा आहे.

ऊन, तापमान आणि जागाबदल

जास्वंदीला दिवसाला सुमारे सहा तास थेट ऊन हवे. कमी उन्हात झाड जगते, पाने मोठी आणि गर्द होतात, कळ्याही धरतात. त्या पोसल्या मात्र जात नाहीत. तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली उतरले किंवा ३५ अंशांच्या वर रेंगाळले की काही दिवस गळ होणारच. त्या काळात दुपारची सावली आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन यापलीकडे फार काही करू नये. रोपवाटिकेतून आणलेले कळ्यांनी भरलेले झाड आठवडाभरात कळ्या टाकते, कारण वाहतुकीत अंधार, बंदिस्त हवा आणि तीत साठणारे इथिलीन यांचा एकत्रित परिणाम होतो. तेही जागा स्थिरावली की थांबते. अशा झाडाची कुंडी लगेच बदलू नये.

उपाय करताना पाळायचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा. पाणी, खत, जागा आणि औषध हे सगळे एकाच रविवारी बदलले, तर गळ थांबली तरी कशामुळे थांबली हे कळत नाही आणि पुढच्या बहरात पुन्हा अंधारातच चाचपडावे लागते. कळी डोळ्यांना दिसू लागल्यापासून उमलेपर्यंत काही आठवडे जातात, म्हणजे आज झाडावर असलेल्या कळ्यांपैकी बऱ्याच जणींनी आधीचा ताण सोसलेला आहे आणि उपाय योग्य असला तरी त्या गळतील. उपायाचा निकाल नव्याने धरलेल्या कळ्यांवरून द्यावा. त्यासाठी उपाय सुरू केला त्या दिवशी काही फांद्यांना दोरा बांधून ठेवावा आणि त्यानंतर दिसू लागलेल्या कळ्यांचेच पुढे काय होते ते पाहावे.

कळीगळ थांबवण्यासाठी एनएए, म्हणजे नॅप्थिलिन ॲसेटिक ॲसिड, या कृत्रिम ऑक्सिनची फवारणी सुचवली जाते. ते देठाच्या सांध्याला खरोखरच धरून ठेवते, त्यामुळे परिणाम दिसतो. पण आत अळी असलेली कळी झाडावर टिकून उपयोग नाही आणि कुजलेली मुळेही त्याने सुधारत नाहीत. ४.५ टक्के तीव्रतेचे द्रावण साडेचार लिटर पाण्यात एक मिली एवढ्याच प्रमाणात वापरायचे असते. हात सैल सोडला तर ऑक्सिनचा अतिरेक झाडात इथिलीन वाढवतो आणि गळ उलट जोरात सुरू होते. कीड नाही, मुळे चांगली आहेत, ऊन पुरेसे आहे आणि तात्पुरत्या उष्णतेमुळेच गळ होत आहे, एवढी खात्री असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

छाटणीचा विचारही याच ठिकाणी करावा, कारण जास्वंद नव्या फुटीवर फुलते. काष्ठमय झालेल्या जुन्या, लांबलेल्या फांद्यांवर बारीक शेंडे येतात आणि त्यांवरच्या कळ्या अशक्त राहतात. कडाक्याचा उन्हाळा किंवा थंडी नसताना फांद्यांचा एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही इतका भाग, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागेच्या, किंचित वर कापावा. छाटणीनंतर दोन-तीन महिने फुले येणार नाहीत हे गृहीत धरावे, आणि कळीमाशीचा त्रास असलेल्या झाडाला तर हा रिकामा काळ औषधासारखा लागू पडतो.

एवढे सगळे करूनही एखादे झाड कळ्या टाकतच राहते, आणि अशा वेळी जात पाहावी. भरगच्च पाकळ्यांच्या, डबल जातींची कळी जड असते, तिला उमलायला अधिक अन्न लागते आणि थोड्या ताणानेही ती सुटते. एकेरी पाच पाकळ्यांच्या जुन्या जाती त्या मानाने फार चिवट असतात. आपल्या हवेत अमुक जात टिकते की नाही, हे तिला एक पूर्ण वर्ष दिल्याशिवाय ठरवू नये. वर्षभरानंतरही तिच्या बहुतेक कळ्या स्वच्छ, निरोगी असूनही सांध्यावरून गळत असतील, तर शेजारच्या ज्या एकेरी जास्वंदीला भरभरून फुले येतात तिची पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी मागून घ्यावी, खालची पाने काढून ती वाळूमिश्रित ओलसर मातीत सावलीत लावावी, आणि ती मुळे धरून फुटू लागली की उन्हाची जागा तिला द्यावी.